कला कोणाच्या कामाची?

जालना जिल्ह्यातल्या कुंभार पिंपळगावाजवळच जांब हे गाव आहे. तिथे 1608 साली नारायण सूर्याजी ठोसर यांचा जन्म झाला. तेच पुढे समर्थ रामदास झाले. कला माणसाला काय देते, या मराठीतल्या विचाराचे एक जुने टोक या परिसरापर्यंत पोहोचते.

‘दासबोधा’च्या चौदाव्या दशकात समर्थ कवित्वाचे तीन प्रकार सांगतात. मनात आले ते रचले ते धीट, दुसऱ्यांचे ग्रंथ पाहून त्यासारखे जुळवले ते पाठ आणि भक्तीतून आपसूक उमटले ते प्रासादिक. ऐकणाऱ्याला अनुताप व्हावा, त्याची वृत्ती पालटावी, ही त्यांची कवित्वाकडून अपेक्षा. लगेच पुढचा समास कीर्तनाचा. टाळ-मृदंग, नृत्य, तान सगळे हवे, पण कथेचे अनुसंधान तुटता कामा नये, असे ते बजावतात. कलेचा कस त्यांनी श्रोत्याच्या मनावर लावला.

मात्र त्या श्रोत्यांच्या सभेत सगळ्यांना सारखी जागा नव्हती. हा प्रश्न पुढे जोतीराव फुल्यांनी नाटकातूनच ऐरणीवर आणला. सांगलीत ‘सीता स्वयंवर’ हे सुरुवातीचे मराठी नाटक झाले 1843 साली; त्यानंतर बाराच वर्षांनी, 1855 मध्ये, फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले. जोशीबुवा ग्रहदशेची भीती घालून एका गरोदर कुणबिणीला आणि तिच्या नवऱ्याला लुबाडतो. विदूषक मध्येमध्ये बोलून त्याची लबाडी उघडी पाडतो. शेवटी ते जोडपे फुल्यांच्या रात्रीच्या शाळेकडे वळते. ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक नाकारले आणि ते छापून यायला 1979 उजाडले. कलेची ताकद ओळखल्याशिवाय कोणी तिला इतके दूर ठेवत नाही.

विसाव्या शतकात कादंबरीकार ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांभोवती ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद रंगला. बा. सी. मर्ढेकरांनी तो लयतत्त्वापर्यंत नेऊन सौंदर्याचा स्वतंत्र विचार मांडला, हे मोठेच काम. पण तो वाद मुळातच अपुरा होता. त्याने एकाचे सुख आणि सगळ्यांचे हित विनाकारण समोरासमोर उभे केले.

अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीत ही फाळणी टिकतच नाही. पोटासाठी मुंबईत आलेला कामगार गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतो. ऐकता ऐकता तो विरह बेळगाव, कारवार, डांगपासून तुटलेल्या महाराष्ट्राचा होतो. एकट्याचे दुःख खरे उतरले म्हणूनच ते संयुक्त महाराष्ट्र चळवळीच्या सभांमध्ये हजारोंचे झाले.

इतका विचार झालेल्या या राज्यात आज शाळेतली चित्रकला बहुतेकांना आठवते ती एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांमुळे दहावीत मिळणाऱ्या वाढीव गुणांपुरती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी कलेचा अंशकालीन निदेशक ठरवून दिला खरा, पण पट शंभराच्या वर असेल तरच. लहान गावातल्या, वस्तीवरच्या शाळेतल्या मुलांना तो का नको, याचे उत्तर शासनाने द्यायला हवे.