विक्रमाने पैठणला परत कधी जायचं?

महाप्याच्या एमआयडीसीत आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये गेले काही महिने एक वाद चालू आहे. वादाचा विषय कोनन. तोच तो सिमेरियाचा रानटी, तलवारबाज, पुढे राजा झालेला. त्याला जन्म देणारा टेक्ससचा रॉबर्ट हॉवर्ड 1936 साली, वयाच्या तिसाव्या वर्षी आत्महत्या करून गेला. कोनन मात्र अजून लढतोच आहे. 2022मध्ये एस. एम. स्टर्लिंगची ‘ब्लड ऑफ द सर्पंट’ आली, 2024मध्ये जॉन हॉकिंगची ‘सिटी ऑफ द डेड’, आणि रांग चालूच आहे. आमच्यातला एक म्हणतो, हॉवर्डच्या हातचं तेवढंच खरं, बाकी सगळं चांगल्या कागदावर छापलेलं फॅनांचं लिखाण. दुसरी म्हणते, जो लेखकाशिवाय जगू शकत नाही तो कसला नायक? मी बहुतेक वेळा डबा संपवत ऐकत असते. पण एक प्रश्न डोक्यातून जात नाही. मेलेल्या लेखकाचा नायक पुढे चालवण्यात खरंच काही चूक आहे का? असेल, तर ती कुणाच्या बाबतीत घडते?

पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं: लेखकाच्या बाबतीत. तो बिचारा नाही म्हणायला हजर नाही. कायद्यानेही याचं एक उत्तर देऊन ठेवलंय. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं त्याच्या लिखाणावर वारसांचा हक्क राहतो, मग ते सगळ्यांचं होतं. पण हे उत्तर हिशेबाचं आहे, नीतीचं नाही. एकसष्टाव्या वर्षी एक जानेवारीला पहाटे काय बदलतं? मेलेला माणूस थोडा जास्त मेलेला असतो, एवढंच. शिवाय हॉवर्ड स्वतःही काही सोवळ्यातला नव्हता. कोननची पहिली छापून आलेली कथा (1932) ही त्याचीच एक नाकारली गेलेली जुनी गोष्ट होती. तिच्यात नायक होता कल नावाचा राजा. हॉवर्डने तिची डागडुजी केली आणि कलच्या जागी कोननला बसवलं. लेखकांना आपल्या नायकांबद्दल वाटतं त्याहून जास्त त्यांच्या वतीने आपल्यालाच वाटत असतं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना या प्रश्नाची सवय आहे, कारण आम्ही दिवसभर दुसऱ्यांनी सोडून दिलेलं पुढे चालवतो. ओपन सोर्सच्या जगात कुणाचाही कोड घेऊन फोर्क काढता येतो. तिथे दोन गोष्टी पाळल्या जातात: मूळ लेखकाचं नाव पुसायचं नाही, आणि आपलं वेगळं चालवायचं असेल तर पाटी आपली लावायची. मायएसक्यूएलमधून निघालेल्याने मारियाडीबी हे नाव घेतलं, ओपनऑफिसमधून निघालेल्यांनी लिबरऑफिस. कोननच्या बाबतीत उलटं आहे. हॉवर्डच्या मूळ कथा आपल्या देशात कधीच सगळ्यांच्या झाल्यात, पण ‘कोनन’ या नावाचे व्यापारी हक्क एका कंपनीकडे आहेत. म्हणजे माल मोकळा आणि पाटी कुलपात. पण ही झाली दुकानदारी. मला टोचतं ते वेगळंच आहे, आणि ते कोननपेक्षा आपल्या विक्रमाकडे पाहिलं की नीट दिसतं.

तलवार, स्मशान, मंत्र, प्रेत, कपटी मांत्रिक. हा सगळा मसाला आपल्याकडे टेक्ससच्या कितीतरी आधीपासून होता. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ लिहिला आणि त्यात वेताळाच्या कथा घातल्या. त्यातल्या राजाचं नाव त्रिविक्रमसेन, आणि त्याचं गाव गोदावरीकाठचं प्रतिष्ठान. म्हणजे आपलं पैठण. उज्जैनवाल्यांची क्षमा मागून सांगते, सोमदेवाच्या हिशेबाने विक्रम मराठवाड्याचा आहे. गंमत म्हणजे सोमदेवही पुढे चालवणाराच. पैठणच्या सातवाहन दरबारातल्या गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’वरून आपण हे लिहितोय आणि मुळाशी इमान राखलंय, असं तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. पाटी स्वच्छ.

माझ्या पिढीला हा राजा सोमदेवाकडून भेटला नाही. थोडासा दूरदर्शनवरच्या 1985च्या मालिकेच्या आठवणींतून भेटला (त्याही आईबाबांच्या), आणि खरा भेटला तो ‘चांदोबा’त. मद्रासहून निघणाऱ्या ‘चांदामामा’ची ही मराठी आवृत्ती 1952पासून येत होती. शंकर या नावाने चित्रं काढणाऱ्या के. सी. शिवशंकरन यांचं ते चित्र डोळे मिटले तरी दिसतं: उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, भोवती कवट्या आणि साप. दर महिन्याला राजा झाडावरून प्रेत उतरवायचा, निमूट चालू लागायचा, वेताळ गोष्ट सांगायचा, शेवटी प्रश्न. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. राजा बोलायचा. मौन मोडायचं. वेताळ प्रेतासकट पुन्हा झाडावर.

मूळच्या पंचवीस कथा पंचवीस महिन्यांत संपतात. ‘चांदोबा’तला विक्रम मात्र त्यानंतर कित्येक दशकं चालत राहिला. नवे लेखक आले, नव्या गोष्टी आल्या, त्यांना शेवटी एक प्रश्न जोडला की झाली वेताळकथा. पुढे मासिक बंद पडलं. राजाला झाडाखाली तसाच सोडून.

आता सोमदेवाकडे गोष्ट संपते कशी ते पाहा. शेवटच्या कोड्यात एक बाप आणि त्याचा मुलगा रानात दोन बायकांच्या पावलांचे ठसे पाहतात, एक जोडी मोठी, एक लहान. ठरतं असं की मोठ्या पावलांची ती बापाची बायको, लहान पावलांची ती मुलाची. प्रत्यक्षात मोठी पावलं मुलीची निघतात आणि लहान आईची. शब्द दिलेला असतो, लग्नं होतात. वेताळ विचारतो, यांना जी मुलं होतील त्यांचं एकमेकांशी नातं काय? राजा विचार करतो आणि गप्प राहतो. हट्टाने नाही. त्याला उत्तर येतच नाही.

आणि त्यामुळे तो सुटतो. वेताळ खूश होतो, त्या कपटी भिक्षूचा बेत फोडतो, कसं वाचायचं ते सांगतो. भिक्षू साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा म्हण, मी राजा, मला येत नाही, आधी तू करून दाखव. तो वाकला की तलवार. मग राजाला वर मिळतो आणि तो मागतो ते ऐकण्यासारखं आहे: या कथा जगात प्रसिद्ध होवोत. या. अजून हव्यात असं तो म्हणत नाही.

तेवीस कोड्यांची उत्तरं येणारा माणूस अडकून पडतो, आणि ज्या कोड्याचं उत्तर त्याला येत नाही त्या कोड्याने मोकळा होतो. मला हे फार आवडतं. ‘चांदोबा’तल्या विक्रमाला असं कोडं कधी मिळालंच नाही. त्याला दर महिन्याला उत्तर येणं भागच होतं, नाहीतर पुढचा अंक कसा निघणार? त्याचं शहाणपण हीच त्याची शिक्षा, आणि ती शिक्षा आपण वर्गणी भरून चालू ठेवली.

कँटीनमधल्या वादात मी कुठे बसते ते इथून ठरतं. नायक पुढे चालवला म्हणून लेखकाचं काही जात नाही. जातं ते नायकाचं, कारण त्याच्याकडून काहीतरी घडण्याची शक्यताच काढून घेतली जाते. स्टर्लिंगची कादंबरी हॉवर्डच्या ‘रेड नेल्स’ या कथेच्या जरा आधी घडते. म्हणजे कितीही साप येवोत, कितीही रक्त सांडो, शेवटच्या पानावर कोननला ‘रेड नेल्स’च्या पहिल्या पानावर वेळेत, धडधाकट आणि जसाच्या तसा पोहोचायचंय. तो मरू शकत नाही हे ठीक, नायक सहसा मरत नाहीत. पण तो काही शिकूही शकत नाही. कुणावर असा जीव लावू शकत नाही की ज्याचा माग पुढच्या कथेत राहील. वेळापत्रकात बसवलेली लोकल आहे ती. हॉवर्डने स्वतः वेळापत्रक पाळलं नव्हतं. पहिल्याच कथेत कोनन राजा आहे, मग पुढे कधी चोर, कधी चाचा, कधी भाडोत्री शिपाई. मधल्या फटी त्याने मोकळ्या ठेवल्या होत्या. नंतर आलेल्या स्प्रेग द कँप आणि लिन कार्टर यांनी त्या सिमेंटने भरल्या, आणि हॉवर्डच्या दुसऱ्याच नायकांच्या काही कथांतही कोननला घुसवलं.

सर्व्हांतेसला हे भय आधीच कळलं होतं. त्याच्या डॉन किहोतेचा पहिला भाग गाजला, आणि 1614मध्ये अव्हेयानेदा अशा टोपणनावाच्या कुणीतरी त्याचा परस्पर दुसरा भाग छापला. पुढच्याच वर्षी सर्व्हांतेसने आपला खरा दुसरा भाग काढला आणि शेवटी किहोतेला अंथरुणावर, भानावर आणून, मरू दिलं. पुन्हा कुणी त्याला घोड्यावर बसवू नये म्हणून. रागाने केलेलं काम आहे हे, पण त्या रागात माया आहे.

मग कुणी काही पुढे न्यायचंच नाही का? तसं नाही. आपल्याकडे फास्टर फेणे आहे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकल, ‘ट्टॉक’ आणि सदा कुणाच्या तरी भानगडीत नाक. भागवत 2001मध्ये गेले. 2017मध्ये आदित्य सरपोतदार यांचा सिनेमा आला आणि फाफे अमेय वाघच्या रूपात मोठा झाला: वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला पुण्यात आलेला, हातात मोबाइल. माझ्या आईला तो अजिबात पटला नाही. तिच्या मते फाफेने हाफ पँट सोडली की तो फाफे राहत नाही. मला पटला. एक तर सिनेमात भा. रा. भागवत हे पात्रच आहे, दिलीप प्रभावळकरांनी केलेलं. ज्याच्याकडून घेतलं त्याला घरात सन्मानाने बसवलं. दुसरं महत्त्वाचं, फाफेचं वय वाढलं. परीक्षा, शिक्षणाचा बाजार, त्यात जाणारा एका मुलाचा जीव. या गोष्टीतून बाहेर पडलेला फाफे पुन्हा सुट्टीत प्रतापगडावर निघालेला तो पोरगा होऊ शकत नाही. ज्यांनी हे केलं त्यांनी जोखीम घेतली. आईसारखे वाचक रुसण्याची जोखीमही.

कँटीनमध्ये मला यावर उत्तर आलं होतं: मग रामायण-महाभारताचं काय? तिथे तर प्रत्येकाने आपलं घातलंय. घातलंय, पण पुन्हा सांगणं वेगळं आणि लांबवणं वेगळं. श्रीधरस्वामी ‘पांडवप्रताप’ सांगतात तेव्हा पांडवांना वनवासातच अडकवून ठेवत नाहीत. बदल हवे तेवढे करा, पण पाळण्यापासून शेवटापर्यंत नायकाबरोबर चाला. दुसऱ्या एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. ‘चांदोबा’तला विक्रम हा मुळात नायक नव्हताच, तो खुंटी होता, दर महिन्याला नवी गोष्ट टांगायची. त्या गोष्टींनी चार पिढ्यांच्या पोरांना न्यायनिवाडा करायला शिकवला. दोषी कोण, मोठा त्याग कुणाचा, राजाने उत्तर देण्याआधी आपण मनात देऊन बघायचो. एका राजाची सुटका अडवून एवढं मिळत असेल तर? हा सौदा मला वाईट म्हणवत नाही. फक्त तो सौदा आहे हे दिसत राहावं.

हल्ली या सौद्यात राजाला खांद्यावर प्रेतही घ्यावं लागत नाही. माझ्या भाचीने मोबाइलवर विक्रम-वेताळाची नवी गोष्ट मागितली आणि चॅटबॉटने चहा उकळायच्या आत दिली. मग आणखी एक. मग आणखी. सगळ्यांत राजाला उत्तर येत होतं. चौथ्या गोष्टीनंतर तिने फोन ठेवला आणि मला विचारलं, “मावशी, आबांची कशी होती गं?”

आबा म्हणजे माझे आजोबा. नेरूळच्या घरी वीज गेली की ते वेताळकथा सांगायचे, बहुतेक स्वतः रचलेल्या. त्यांच्या वेताळाला वाशीच्या बाजारातले कांद्याचे भावही माहीत असायचे. आबा गेले तेव्हा भाची दोन वर्षांची होती, तिने त्यांच्या तोंडून एकही गोष्ट ऐकलेली नाही. मी सांगायला लागले तर आवाज त्यांचा घ्यायचा की माझा, हे मला ठरवता येईना. त्यांची लकब मला हुबेहूब जमते, घरचे अजून सांगायला लावतात. पण त्या आवाजात मी रचलेली गोष्ट सांगितली असती, तर तिच्यासाठी तेच आबा झाले असते, त्यांनी कधीच न बोललेलं बोलणारे.

मी माझ्या आवाजात सांगितली. ही आबांची नाही, माझी आहे, असं आधी सांगून. पावलांच्या ठशांची ती शेवटची गोष्ट घेतली. नात्याचा गुंता तिला समजावताना वही-पेन लागलं. राजा गप्प राहिला तेव्हा ती उठून बसली आणि म्हणाली, म्हणजे त्याला येत नाही? नाही येत, मी म्हणाले. मग ती बराच वेळ वहीवर बाण काढत बसली, आई, मुलगी, बाप, मुलगा, त्यांची बाळं. राजा तोवर बहुतेक पैठणला पोहोचला असेल.