लांबचा पल्ला आणि कोवळें वय

एखाद्या तरुणाच्या अंगीं असामान्य गुण दिसूं लागला, कीं त्याच्या वडीलधाऱ्यांस प्रथम आनंद होतो आणि मागाहून काळजी वाटूं लागते. आनंद त्या गुणाचा असतो. काळजी तो गुण अकालीं खर्चून जाईल याची असते. ‘घाई करूं नको, वेळ आली म्हणजे सर्व होईल,’ हा उपदेश आपल्या घराघरांतून ऐकूं येतो आणि तो बहुधा प्रेमानेंच केलेला असतो. परंतु वेळ आली हें ठरवावयाचें कोणी आणि कशावरून, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. लांब पल्ल्याच्या धांवण्यांत हा प्रश्न इतक्या उघड स्वरूपांत उभा राहतो, कीं त्याच्या आधारें या उपदेशाची थोडी परीक्षा करावी असें आम्हांस वाटतें.

ज्या वाचकांस या खेळाचा परिचय नसेल त्यांच्यासाठीं त्याची रीत थोडक्यांत सांगितली पाहिजे. पांच हजार व दहा हजार मीटरांच्या शर्यती मैदानावरील आखीव मार्गावर होतात; मॅरेथॉन रस्त्यावर होते आणि तिचा पल्ला ४२ किलोमीटर १९५ मीटर असतो. दोहोंतील भेद केवळ लांबीचा नाहीं. दहा हजार मीटरांची शर्यत उत्तम धांवपटु अर्ध्या तासाच्या आंत संपवितो आणि हरला तर कांहीं दिवसांनीं पुन्हां उभा राहूं शकतो. मॅरेथॉनमध्यें तीस किलोमीटरांच्या आसपास शरीरांतील साखरेचा साठा सरत येतो, पाय जड होऊं लागतात, आणि पहिल्या तासांत केलेली उधळपट्टी शेवटच्या अर्ध्या तासांत व्याजासह वसूल होते. शिवाय एकदां ती धांवल्यावर शरीर भरून येण्यास इतका अवधि लागतो, कीं पहिल्या प्रतीचे धांवपटु वर्षांत बहुधा दोनच मॅरेथॉन धांवतात. म्हणून तारुण्य मैदानावर घालवावें आणि वेग ओसरूं लागला म्हणजे दमसासाच्या जोरावर रस्त्याकडे वळावें, अशी जुनी वहिवाट पडली होती.

ही वहिवाट निराधार नव्हती. पोर्तुगालच्या कार्लोस लोपेश यास १९७६ सालीं माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्यें दहा हजार मीटरांत रौप्यपदक मिळालें. मॅरेथॉनचा त्याचा पहिला प्रयत्न १९८२ सालीं न्यूयॉर्क येथें झाला आणि तो अर्धवटच राहिला. पुढें १९८४ सालीं लॉस एंजल्स येथें, वयास ३७ वर्षें पूर्ण झालीं असतां, त्यानें २ तास ९ मिनिटें २१ सेकंदांत सुवर्णपदक जिंकलें. केनियाचा एलिऊद किपचोगे १८ वर्षांचा असतां २००३ सालीं पांच हजार मीटरांचा जगज्जेता झाला. परंतु मॅरेथॉनला त्यानें हात घातला तो २०१३ सालीं, आदल्या वर्षींच्या ऑलिंपिक संघांत जागा मिळाली नाहीं त्यानंतर. पुढें त्यानें ऑलिंपिकचीं दोन सुवर्णपदकें मिळविलीं. पिकून पडलेल्या फळाची गोडी सांगणाऱ्यास याहून चांगलीं उदाहरणें नकोत.

परंतु लोपेशचा ऑलिंपिक विक्रम २४ वर्षांनीं ज्यानें मोडला, तो अवघा २१ वर्षांचा होता. सॅम्युएल वांजिरू हा केनियांतील न्याहुरुरू गांवचा गरीब घरचा मुलगा. पंधराव्या वर्षीं तो जपानांतील सेंदाई येथें शाळेंत शिकावयास व धांवावयास गेला. १८ व्या वर्षीं, २००५ सालीं, त्यानें अर्ध्या मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला. त्याच वर्षीं दहा हजार मीटरांत तरुणांच्या गटाचा विश्वविक्रमही त्याच्या नांवें लागला. मैदानावरचें सारें आयुष्य पुढें असतां तो रस्त्याकडे वळला. डिसेंबर २००७ मध्यें फुकुओका येथें त्यानें आपली पहिलीच मॅरेथॉन जिंकली, आणि २४ ऑगस्ट २००८ रोजीं बीजिंग येथें, केवळ तिसऱ्या प्रयत्नांत, २ तास ६ मिनिटें ३२ सेकंद या वेळांत केनियास मॅरेथॉनचें पहिलें ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिलें. अशा उकाड्यांत आरंभीं जपून धांवावें, हा अनुभवाचा दंडक. तेथें आरंभापासूनच वेग जबरदस्त ठेवण्यांत आला आणि त्यांतूनच तो जिंकला.

ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत म्हटलें आहे, कीं तरुण मनुष्य गणितांत निपुण होऊं शकतो, पण व्यवहारांतलें शहाणपण त्यास येत नाहीं, कारण तें अनुभवानें येतें आणि अनुभवास वर्षें लागतात. हें वचन आम्हांस मान्य आहे. परंतु त्याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. अनुभव जसें शहाणपण शिकवितो तशी भीतिही शिकवितो, आणि पुष्कळदां शिकणाऱ्यास या दोहोंतील फरक कळत नाहीं. दहा वेळां उन्हांत पोळलेला धांवपटु सावकाश निघतो. तें सावकाश निघणें शरीराच्या ज्ञानामुळें आहे कीं दहा वेळांच्या आठवणीमुळें, हें त्याचें त्यासही सांगतां येणार नाहीं.

थांबण्याच्या उपदेशामागें एक उपमा दडलेली असते. तारुण्य म्हणजे पेढींत ठेवलेली रक्कम. आज काढली नाहीं तर उद्यां ती वाढलेली मिळेल. पण तारुण्य असें ठेवतां येत नाहीं. खर्च केलें तरी जातें आणि न केलें तरी जातें. दुसरें असें, कीं थांबणें ज्यास परवडतें तोच ‘थांब’ म्हणतो. ज्याच्या घरीं दोन पिढ्यांचें पेन्शन चालू आहे त्यानें आपल्या मुलास धीर धरावयास सांगणें निराळें, आणि मॅरेथॉनच्या एका बक्षिसानें ज्याच्या आईस स्वतःचें घर मिळणार आहे त्यास तेंच सांगणें निराळें. पहिल्याचा धीर हा सद्गुण असेल. दुसऱ्यावर तो लादला तर अन्याय होईल.

आणि उद्यांची हमी तरी कोणी द्यावी? केल्विन किप्टम या दुसऱ्या केनियन तरुणानें मैदानावरची पायरी जवळजवळ वगळूनच रस्ता धरला. डिसेंबर २०२२ मध्यें वालेन्सिया येथें पहिलीच मॅरेथॉन तो २ तास १ मिनिट ५३ सेकंदांत धांवला, आणि ८ ऑक्टोबर २०२३ रोजीं शिकागो येथें, २३ व्या वर्षीं, २ तास ३५ सेकंदांत त्यानें किपचोगेचा विश्वविक्रम मोडला. इतके कष्ट घेत राहिला तर पांचएक वर्षांत हा थकून जाईल, त्यानें जरा सबुरीनें घ्यावें, अशी चिंता त्याचा शिक्षक गेर्व्हे हाकिझिमाना यानें बोलून दाखविली होती. ती चिंता योग्यच होती. ११ फेब्रुवारी २०२४ च्या रात्रीं मोटारीच्या अपघातांत गुरु व शिष्य दोघेही एकदमच गेले. अपघातावरून नीतीचा नियम काढूं नये, हें आम्ही जाणतों. तथापि ज्यांच्या भाषेंत ज्ञानेश्वर लिहून गेले त्यांना तरी, एकविसाव्या वर्षापर्यंत मनुष्यानें केवळ तयारीच करावी, असें म्हणणें शोभत नाहीं.

मग तरुणास मोकळें सोडून द्यावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे काय? तसें नाहीं, आणि येथें वांजिरूची उरलेली कथा सांगणें भाग आहे. बीजिंगनंतर लंडन व शिकागो येथेंही तो जिंकला. पैसा व कीर्ति यांचा पूर आला. त्याबरोबर संसारांतील कलहाच्या बातम्याही येऊं लागल्या. मे २०११ मध्यें न्याहुरुरू येथील आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरून पडून तो मरण पावला. त्या वेळीं तो २४ वर्षांचा होता. त्या रात्रीं काय घडलें याविषयीं तर्क करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. इतकें मात्र स्पष्ट आहे, कीं ४२ किलोमीटरांच्या पल्ल्यानें त्यास मारलें नाहीं. ज्या भाराविषयीं शहाणे लोक शंका घेत होते, तो त्याच्या पायांनीं लीलया पेलला. कसोटी लागली ती शर्यत संपल्यावर.

आमच्या मतें वडीलधाऱ्यांची गफलत होते ती येथें. आम्ही मुलाचें वय मोजतों, त्याचें सामर्थ्य मोजतों आणि ‘अजून वेळ आहे’ असें सांगून मोकळे होतों. त्यानें ऐकलें तर आमचा सल्ला पाळला गेला. न ऐकलें आणि तो पडला तर आम्ही आधींच बजावलें होतें. आणि तो जिंकला तर हार घालण्यास आम्ही पुढें आहोंतच. तिन्ही प्रकारीं आमच्या अंगास कांहीं लागत नाहीं. ज्या उपदेशांत देणाऱ्याचें कधींच कांहीं गुंतत नाहीं, तो प्रेमाचा असला तरी अपुरा आहे. हुशार मुलगी सोळाव्या वर्षीं परगांवीं शिकावयास निघते, मुलगा पक्की नोकरी सोडून नव्या कामांत उडी घेतो, तेव्हांही आपण याहून निराळे वागतों असें नाहीं.

लांबचा पल्ला घ्यावा कीं नाहीं, हें ज्याचे पाय त्यानें ठरवावें. त्यानें स्वतःस एवढेंच विचारावें, कीं आपणांस धांवणें हवें आहे, कीं धांवून झाल्यावरचा जयघोष. मोठ्यांनींही आपणांस एक प्रश्न विचारावा: हा हरून आला, किंवा त्याहून अवघड म्हणजे जिंकून आला, तर त्याच्याजवळ बसावयास, त्याचा हिशेब पाहावयास आणि वेळप्रसंगीं त्यास ‘नाहीं’ म्हणावयास आपण असूं काय? या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ असेल, तर २१ वें वर्ष फार लवकरचें नाहीं. आणि ‘नाहीं’ असेल, तर ३७ व्या वर्षींही तो पल्ला त्यास एकट्यानेंच काढावा लागेल.