दोर पाण्याला लागला पाहिजे

एका गावात तीन मैत्रिणी बारावी पास झाल्या. तिघींनाही नर्स व्हायचं होतं. गावात एक नर्सबाई राहत, सरकारी रुग्णालयातून परिसेविका म्हणून निवृत्त झालेल्या. तिघी त्यांच्याकडे गेल्या तेव्हा त्या अंगणातल्या विहिरीवर पाणी शेंदत होत्या.

“बाई, सगळ्यात चांगला कोर्स कुठला?”

“आधी तुमचं सांगा.”

पहिली म्हणाली, “मी सायन्सची, बायोलॉजी घेतलेली. सीईटी दिलीय. बीएस्सी नर्सिंगला चार वर्षं लागतील, दादा शिकवतो म्हणालाय.”

दुसरी म्हणाली, “मी आर्ट्सची, मला बीएस्सीला प्रवेश नाही. तीन वर्षांचं जीएनएम करता येईल, पण लोक म्हणतात ते कमी दर्जाचं.”

तिसरीनं पिशवीतून एक पत्रक काढलं. त्यावर लिहिलं होतं, ‘सहा महिन्यांत नर्स व्हा, नोकरीची हमी.’ “घरात पैसा लवकर यायला हवा, बाई,” ती म्हणाली.

बाईंनी पडवीतून नायलॉनचा एक कोरा, पण आखूड दोर आणला, पोहऱ्याला बांधला आणि तिसरीच्या हाती दिला. “शेंद बघू.”

तिनं पोहरा सोडला. तो पाण्याच्या वर हातभर लोंबकळत राहिला. कितीही हिसके दिले तरी वर आला तो कोरडाच.

बाई म्हणाल्या, “पोरींनो, आपल्या कामात पाणी म्हणजे नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. मान्यता असलेल्या संस्थेतून बीएस्सी करा नाहीतर जीएनएम, पास झाल्यावर दोघींची नावं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरात चढतात. रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ. दोन्ही दोर पाण्याला लागतात.” मग दुसऱ्या मुलीकडे वळून म्हणाल्या, “तू मन लहान करू नकोस. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. दोराला दोर जोडतात, तसं. आणि तू गं, या कागदावर कौन्सिलची मान्यता कुठं लिहिलीय ते मला दाखव.”

तिसरीनं पत्रक उलटसुलट करून पाहिलं. फोन नंबर होता, पांढऱ्या टोपीतल्या मुलीचा फोटो होता, मान्यता नव्हती. तरी घरच्या ओढाताणीपायी तिनं तोच कोर्स केला.

पुढं ती एका दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबू लागली. दोन वर्षांनी सरकारी भरती निघाली. अर्ज भरताना ती एका रकान्यापाशी अडली. रकाना होता ‘नोंदणी क्रमांक’. रडत बाईंकडे आली.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “विहीर कुठं गेली नाही, बाळ. दोर बदल.”

त्या वर्षी तिनं जीएनएमला प्रवेश घेतला. पुढं ज्या वॉर्डात तिला शिकायला पाठवलं, तिथं दुसरी मैत्रीण नोंदणी होऊन स्टाफ नर्स झाली होती. एका आजोबांची नाडी तिसरीनं दवाखान्यातल्या सवयीनं पंधरा सेकंद मोजली, चारानं गुणली आणि आकडा लिहायला घेतला. मैत्रिणीनं तिचा हात धरला. “पुन्हा मोज. तीन बोटं ठेव, अंगठा नको, त्यात आपलीच नाडी लागते. आणि पूर्ण एक मिनिट.”

तिनं घड्याळाकडे बघत पुन्हा मोजायला घेतलं. चाळिसाव्या सेकंदाला एक ठोका चुकला. थोड्या वेळानं आणखी एक. पंधरा सेकंदांत तो सापडलाच नसता. तिनं लगेच डॉक्टरांना बोलावलं.

तात्पर्य : शिक्षणाची वाट लांब की आखूड, मोठ्या नावाची की छोट्या, हे नंतर पाहावं. ती मुक्कामाला पोचते का, हे आधी विचारावं. आपल्या ऐपतीची पण पुरती वाट धरणारा उशिरा का होईना, पोचतो. अर्धी वाट धरणाऱ्याला परत फिरावं लागतं.