उंबऱ्याशी थांबलेल्यांसाठी

लक्ष्मीबाई टिळकांना ख्रिस्ती व्हायचं नव्हतं. पती नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पदरात लहान दत्तू, आणि नवरा असून नसल्यासारखा. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण सोवळं-ओवळं सोडायला तयार नव्हत्या. टिळक स्वभावाने तापट. तरी या बाबतीत त्यांनी बायकोवर सक्ती केली नाही. जात देवाने नव्हे, माणसाने केली, हे लक्ष्मीबाईंना राहुरीला पटलं, तेही आपल्या आपण विचार करता करता. मग कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्यांनी ठरवलं आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. मध्ये पाच वर्षं गेली.

या पाच वर्षांबद्दल आपल्या मंडळ्यांमध्ये फारसं बोललं जात नाही. बाप्तिस्म्याची तारीख सगळ्यांना हवी असते. त्याआधीचा काळ, ज्यात माणूस धड इकडचा नसतो आणि धड तिकडचाही नसतो, तो कसा गेला हे कुणी विचारत नाही. माझ्या मते मंडळीचं प्रेम खरं असेल तर ते या मधल्या काळातच दिसतं.

आज चर्चमध्ये बिचकत येणारी माणसं तऱ्हेतऱ्हेची असतात. कुणाची बायको ख्रिस्ती असते. कुणाच्या आजारपणात शेजारच्या बाईने उशाशी बसून प्रार्थना केलेली असते. कुणाला नुसतंच एकटं वाटत असतं. असा माणूस मागच्या बाकावर बसतो. उपासना संपली की कुणीतरी आपुलकीने जवळ येतं आणि विचारतं, नाव काय, आडनाव काय, गाव कोणतं? हा आडनावाचा प्रश्न मला फार लागतो. नगर जिल्ह्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांचे आजे-पणजे महार-मांग वस्त्यांमधून आले, ते याच प्रश्नाच्या जाचातून सुटायला. त्यांच्या नातवंडांनी चर्चच्या दारात तोच प्रश्न विचारावा, याचं दुःख व्हायला हवं.

दुसरा अवघड क्षण प्रभुभोजनाचा. भाकरीचं ताट आणि द्राक्षरसाचे छोटे पेले बाकांवरून पुढे सरकतात. नव्या माणसाला कळत नाही, घ्यायचं की नाही. तो हात मांडीवर घट्ट धरून बसतो आणि आजूबाजूचे नकळत त्याच्याकडे बघतात. उपासनेआधी शेजारच्याने दोन वाक्यांत समजावलं असतं, तर त्याला अवघडून बसावं लागलं नसतं. बाप्तिस्म्याचा नियम मोडा असं मी म्हणत नाही. नियमापायी माणूस उघडा पडू नये, एवढीच काळजी घ्यायची.

पंडिता रमाबाईंची वाट आणखी वेगळी. इंग्लंडमधल्या फुलहॅमला समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. या बायकांना इतक्या मायेने का वागवतात, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. त्यांच्या मनाने घेतलं ते तिथे. १८८३ मध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण प्रश्न संपले नाहीत. चर्चची शिकवण त्या पारखून घेत राहिल्या, ज्यांनी आधार दिला त्यांच्याशीच पत्रांतून वाद घालत राहिल्या. धर्म मिळाला पण ख्रिस्त पुरता गवसला नव्हता, हे पुढे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. इतक्या तेजस्वी बाईला जर एवढा वेळ लागला, तर आपण मागच्या बाकावरच्या माणसाला चार महिन्यांत बाप्तिस्म्याच्या वर्गाला बसवून वहीत नाव का लिहून घेतो?

यात भर पडते ती भोवतालच्या संशयाची. धर्मांतर म्हटलं की आमिष, ही समजूत घट्ट बसली आहे. म्हणून मंडळीने एक पथ्य कडक पाळावं: शाळेची फी, औषधपाणी, नोकरीसाठी शब्द, जी मदत करायची ती करावी, आणि त्या दिवशी विश्वासाविषयी चकार शब्द काढू नये. उपकाराच्या ओझ्याखाली दिलेला होकार ख्रिस्तालाही नको असेल.

उंबऱ्याशी थांबलेल्यांनाही जागा हवी, हे नारायण वामन टिळकांना उत्तरायुष्यात फार तीव्रतेने जाणवलं. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या, पण बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले आणि तो प्रयोग रुजायचा राहिला. संस्था म्हणून तो टिकला नाही, पण त्यामागची समज मला आजही अगदी बरोबर वाटते. टाळ-मृदंगाच्या भजनात ज्याचा सूर लागतो, त्याला आधी कागद दाखव म्हणायचं नाही.

आणि काही माणसं शेवटपर्यंत उंबऱ्याशीच राहतील. वर्षानुवर्षं येतील, भजनं म्हणतील, नाताळला करंज्या करू लागतील, आणि बाप्तिस्मा घेणार नाहीत. घरात म्हातारी आई आहे, तिचं मन मोडायचं नाही, एवढंच कारण असेल. तेही पुरेसं मानावं. ती आई गेली तर मंडळीने निरोपाची वाट न पाहता त्याच्या घरी जावं, स्मशानापर्यंत चालत जावं, अग्नी दिला जाईपर्यंत त्याच्या शेजारी उभं राहावं. पाळकसाहेबांनीसुद्धा.