धर्मशाळेच्या पायरीवरचा माणूस

पौषात उज्जैनचा पारा सात-आठ अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. महाकालच्या भस्मआरतीच्या रांगेसाठी मध्यरात्री निघालेला महाराष्ट्रातला भाविक स्वेटर, कानटोपी, शाल असा जामानिमा करून असतो. वाटेत बंद दुकानांच्या ओट्यांवर माणसं झोपलेली दिसतात. अंगाखाली खताचं पोतं, उशाला चपला, गुडघे पोटाशी घेतलेले. पलीकडे धर्मशाळा असते, पण तिथं ओळखपत्र लागतं. ज्याच्याकडे घर नाही त्याच्याकडे घराचा पत्ता कुठून येणार?

थंडी पडली की कांबळी वाटणारे येतात. ते पुण्यच आहे. पण दगडी ओटा अंगातली ऊब खालून ओढून घेतो. वर दोन कांबळी असली तरी खाली काही नसेल, तर माणूस गारठतोच. म्हणून द्यायचंच तर आधी जाडसर अंथरूण द्यावं. कुडकुडणं थांबलं, बोलणं अडखळू लागलं, तर तो माणूस निवांत झोपलाय असं समजू नये. ती धोक्याची खूण आहे, तेव्हा 108 ला फोन करावा.

खरी गरज मात्र छपराची आहे. मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे किमान एक, बारमाही चालणारा रात्रनिवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये बजावलं. उज्जैनने 2011 च्या जनगणनेतच पाच लाखांचा आकडा ओलांडला होता, म्हणजे इथं असे किमान पाच निवारे हवेत. आणि रैनबसेरा, म्हणजे असा रात्रनिवारा, असूनही माणसं बाहेर का राहतात, हेही त्यांनाच विचारायला हवं. हातगाडी कुठं लावायची, गाठोडं चोरीला गेलं तर काय, नवरा-बायकोने वेगळं का झोपायचं, हे त्यांचे प्रश्न साधे आणि रास्त आहेत.

शेजारच्या इंदूरमध्ये 29 जानेवारी 2021 ला, ऐन थंडीत, महापालिकेच्या गाडीतून बेघर वृद्धांना शहराबाहेर क्षिप्रा गावाजवळ उतरवण्यात आलं. गावकऱ्यांनी हटकलं, व्हिडिओ केला, तेव्हा त्या वृद्धांना परत गाडीत बसवलं गेलं. पुढे एक उपायुक्त निलंबित झाले. स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या शहरात हे घडलं, याची मला अजून चीड येते. रस्त्यावर झोपलेला माणूस हा कचरा नव्हे, हे त्या गावकऱ्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

2028 च्या सिंहस्थासाठी हेच उज्जैन कोट्यवधी यात्रेकरूंची सोय करणार आहे. ज्या शहराला एवढं जमतं, त्याला आपल्या ओट्यांवरची माणसं आत घेणं अवघड नाही. आणि आपण महाराष्ट्रातून महाकालला जातो, तेव्हा धर्मशाळेत देणगीची पावती फाडताना व्यवस्थापकांना एवढं जरूर विचारावं: कडाक्याच्या रात्री, बिनकागदाच्या माणसाला, तुमचा एखादा व्हरांडा उघडाल का?