सावटाचा हिशेब

जपानी काष्ठमुद्राचित्रांत फुलं-पाखरांची एक स्वतंत्र शाखा आहे. तिला ‘काचो-ए’ म्हणतात. हिरोशिगेने (१७९७-१८५८) अशी पुष्कळ चित्रं केली. मोहरलेली एखादी फांदी, तिच्यावर त्या ऋतूचं पाखरू, आणि बाकीचा कागद बरेचदा कोराच.

या चित्रांच्या घडणीतली एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. चित्रकाराचं पातळ कागदावरचं रेखाटन लाकडी ठोकळ्यावर उलटं चिकटवत आणि कोरणारा कागदासकट लाकूड कोरत जाई. मूळ रेखाटन त्यातच संपे. ठोकळा सहसा रानचेरीचा, कारण ते लाकूड कठीण आणि बारीक पोताचं. म्हणजे चेरीचा बहर छापायलाही चेरीच तोडावी लागे. चित्रावर सही चित्रकाराची, शिक्का प्रकाशकाचा. कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव बहुधा नसेच.

धाराशिव जिल्ह्यात, येडशीच्या बाजूला आमचं वडिलोपार्जित रान आहे. बांधावर एक जुना पळस. मी पुण्यात नोकरीला, गावी जातो ते होळीला. तेव्हा पळसाला पान नसतं, नुसती केशरी फुलं. शिंजीर, बुलबुल, साळुंक्या चोची बुडवून जातात. एका फांदीपुरतं पाहिलं की हिरोशिगेच समोर.

दोन वर्षांपूर्वी दादा म्हणाला, “औंदा पळस काढायचा म्हणतोय. सावटानं सोयाबीनची चार तासं बसतात.”

मी कळवळलो. तो शांतपणे म्हणाला, “मग फोटो काढून ठेव की.”

आधी वाटलं, दादाला सौंदर्य कळत नाही. रात्री उमगलं की आम्ही दोघं दोन वेगळी झाडं पाहत होतो. मी फाल्गुनातला पळस पाहतो. तेव्हा सावलीही नसते आणि खाली पीकही नसतं. दादा श्रावणातला पाहतो: पानांनी भरलेला, आणि त्याखाली पिवळी पडलेली रोपं. चित्राला एकच ऋतू पुरतो. शेतकऱ्याला बाराही महिने त्याच झाडाखाली काढावे लागतात.

मग सौंदर्यावर प्रेम करणं चूक आहे का? मला तसं वाटत नाही. चेरीच्या एका ठोकळ्यातून शेकडो प्रती निघत, आणि एदो शहरातल्या साध्या माणसालाही त्या परवडत. एका झाडाच्या जिवावर कितीतरी घरांत वसंत आला. प्रश्न पुढचाच आहे: ज्याला बहर हवा, त्याने किंमत कोण भरतंय हे विचारायचं की नाही? माझं पळसावरचं प्रेम आजवर फुकटचं होतं. त्याची किंमत दादा दरवर्षी सुगीला भरत होता, आणि वर ‘तुला कळत नाही’ हेही मनातल्या मनात मी त्यालाच ऐकवत होतो.

सकाळी म्हणालो, “दादा, त्या चार तासांचं नुकसान माझ्या वाट्यातून धर.”

“सुगीला बघू,” तो म्हणाला.

सुगीला त्याने खरोखरच हिशेब लावला. आकडा मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला. क्षणभर चाचरलो, मग दिला. गेल्या वर्षीही दिला. पळस उभा आहे. यंदाही मन तितकंच मोठं राहील का, हे मात्र सुगीलाच कळेल.