दोहोंकडचे पाणी

वसमतच्या माणसाने बेटाविषयी बोलावे, याचे कुणाला नवल वाटेल. आमच्याकडे समुद्र नाही, खाडी नाही. काळीभोर जमीन, हळदीची वावरे, सिद्धेश्वर धरणातून येणारा पूर्णेचा कालवा आणि मृगाच्या ढगांकडे लागलेले डोळे, एवढाच आमचा पाण्याशी व्यवहार. तरी एक शब्द मी कित्येक वर्षे मनात घोळवीत आलो आहे. जपाच्या माळेतला मणी बोटांखाली फिरून फिरून गुळगुळीत व्हावा तसा तो आता माझ्यापुरता झाला आहे, आणि तो शब्द म्हणजे द्वीप. औंढ्याच्या नागनाथाचे दर्शन घेऊन एस.टी.ने परतताना दर खेपेला त्याचा एखादा पदर सुटतो. सज्जनहो, त्यातले काही पदर आज तुमच्यापुढे ठेवतो.

हा शब्द आपल्या कानावर प्रथम पडतो तो भूगोलाच्या तासाला नव्हे, देवघरात. सत्यनारायण असो की वास्तुशांत, गुरुजी संकल्प सोडताना यजमान कुठे बसला आहे ते सांगतात. जंबुद्वीपापासून आरंभ करून, भरतवर्ष, दंडकारण्य असे एकेक पाऊल जवळ येत ते गोदावरीच्या तीराशी थांबतात, आणि वसमत गोदेच्या उत्तरेला म्हणून आमच्याकडे उत्तर तीराचा उच्चार होतो. पळीतले पाणी ताम्हनात सुटते ते यानंतर. आपण कोणत्या द्वीपावर बसलो आहोत हे आधी सांगावे आणि मग देवाला बोलवावे, असा हा क्रम आहे. लहानपणी मला तो फार गूढ वाटे, कारण चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग ही शाळेतली व्याख्या पाठ झालेली, आणि गच्चीवर उभे राहून पाहिले तर क्षितिजापर्यंत जमीनच जमीन. द्वीप एवढे मोठे असू शकते की त्यावर राहणाऱ्याला त्याचे पाणी दिसूच नये, हे समजायला पुढे पुष्कळ काळ जावा लागला.

शब्दाच्या आत शिरलो तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती ही, की त्यात चार बाजू नाहीतच, दोनच आहेत. द्वि म्हणजे दोन आणि अप् म्हणजे पाणी. पाणिनीने अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात एक इवलेसे सूत्र दिले आहे, की द्वि, अंतर् किंवा एखादा उपसर्ग यांच्यापुढे हा अप् आला तर त्याच्या अकाराचा ईकार होतो. त्या सूत्रातून द्वीप आला, अंतरीप आला, आणि आणखी एक शब्द आला जो आपण सहज बोलून जातो पण ज्याच्या पोटात पाणी आहे हे आपल्या ध्यानीमनीही नसते: समीप. जिथे पाणी एकत्र येऊन मिळाले ते समीप. मी हे पहिल्यांदा वाचले त्या दिवशी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो. द्वीप म्हटले की आपल्याला तुटलेपण आठवते, समीप म्हटले की जवळीक. आणि व्याकरण शांतपणे सांगते की ही दोन्ही एकाच पाण्याची लेकरे आहेत, एकाच सूत्राच्या कुशीत वाढलेली.

मग दोहोंकडे पाणी असणे म्हणजे नेमके काय? परभणी जिल्ह्यातल्या मुद्गलला गोदावरीच्या पात्रात मुद्गलेश्वराचे देऊळ आहे. त्या देवळाच्या पायरीशी उभ्या राहिलेल्या माणसाला डावीकडे पाणी असते आणि उजवीकडे पाणी असते, म्हणजेच डावीकडे एक तीर असते आणि उजवीकडे दुसरे. अलीकडच्या गावालाही ते देऊळ आपले वाटते आणि पलीकडच्या गावालाही. द्वीप या शब्दातला दोनचा आकडा मला या ठिकाणी दोन तीरांचा आकडा वाटतो. ज्याच्या एकाच बाजूला पाणी, तो एका तीराचा. ज्याच्या दोहोंकडे पाणी, तो दोन्ही तीरांचा. कृष्णद्वैपायन व्यासांचा जन्म यमुनेतल्या द्वीपावर झाला म्हणून ते द्वैपायन, आणि विखुरलेल्या वेदांची मांडणी ज्यांनी केली, कौरवांचे आणि पांडवांचेही जे आजोबा होते, त्यांच्या नावातच हे दोहोंकडचे पाणी असावे, यात मला परंपरेची फार सूक्ष्म दृष्टी दिसते.

मराठीने या शब्दाशेजारी आपला एक शब्द ठेवला, बेट, आणि त्यावर आणखी एक अर्थ चढवला. कोपरगावचे बेट आपण म्हणतो, जिथे गोदेच्या काठी शुक्राचार्यांचे देऊळ आहे. आणि तितक्याच सहजतेने बांबूचे बेटही म्हणतो. आता बांबूच्या बेटाभोवती कुठे पाणी असते? आमच्या जुन्या घरामागे असे एक बेट होते, आणि त्यात हात घालून एक काठी ओढायला गेलो तर ती शेजारच्या दहांना धरून बसलेली असे. मातीखाली त्यांचे कंद एकमेकांत गुंतलेले. एकट्या बांबूला कुणी बेट म्हणत नाही. जे एकवटून उगवले आहे, ज्याची मुळे खाली एक झाली आहेत, ते बेट, ही आपल्या शेतकऱ्याच्या तोंडची व्याख्या आहे, आणि पाण्यातल्या बेटालाही तीच खरी लागू पडते, कारण पाणी उतरल्यावर दिसते की बेट तळाशी काठाच्याच जमिनीला जोडलेले होते.

आता ज्या नागनाथापाशी हा शब्द मला दर वेळी उलगडतो त्याच्या कथेकडे वळू. नागेश ज्योतिर्लिंगाचे स्थान दारुकावन. शिवपुराण सांगते की दारुका नावाच्या राक्षसीला पार्वतीचा असा वर होता की ती जाईल तिथे तिचे वन तिच्याबरोबर जावे. आणि भूमीवर कुणाला छळले तर नाश होईल असा और्व ऋषींचा शाप राक्षसकुळाला लागल्यावर तिने ते सगळे वन उचलून समुद्रात नेऊन ठेवले. म्हणजे दारुकावन या कथेत द्वीप झाले! पाण्याचा कोट घालून घेतला की आपल्यापर्यंत कुणी पोहोचणार नाही, अशी राक्षसांची समजूत. त्या पाण्यातून जाणाऱ्या नावांतली माणसे ते धरून कोंडीत, आणि एकदा त्यात सुप्रिय नावाचा एक वैश्य सापडला, परम शिवभक्त. बंदिशाळेत त्याने मातीचे पार्थिव लिंग मांडले. आणि माझे मन जिथे दर वेळी थांबते ती गोष्ट पुढची आहे: त्याने एकट्याने पूजा केली नाही, बरोबरच्या सगळ्या बंदिवानांना शिवमंत्र शिकवला. राक्षसांना द्वीप म्हणजे दूर असणे एवढेच कळले होते; सुप्रियाने त्याच भूमीवर, त्याच पाण्याच्या वेढ्यात, माणसांचे बेट केले, आणि शंकर प्रकटले ते तिथे. द्वीपाचे समीप झाले. देवदारांचे ते वन नेमके कुठले याविषयी द्वारकेची आणि हिमालयातल्या जागेश्वराचीही आपापली श्रद्धा आहे, तिला माझा नमस्कार. आम्ही हिंगोलीकर औंढ्याच्या डोंगरांत वाढलो, आम्हाला दारुकावन म्हटले की तेच डोंगर दिसतात.

असेच एक द्वीप पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, आणि त्याची हकीकत वाचल्यापासून ते माझ्या चिंतनातून हलत नाही. मध्य अमेरिकेत, ग्वाटेमाला देशाच्या उत्तरेला, पेतेन इत्झा नावाचे सरोवर आहे, आणि त्यात फ्लोरेस नावाचे एक बेटावरचे गाव. लाल कौलांची घरे, अरुंद गल्ल्या, सगळ्यात उंच जागी चर्च, आणि काठाशी जोडणारा एक बांधीव रस्ता. माया लोकांचे प्राचीन तिकल नगर पाहायला जाणारे प्रवासी या गावात मुक्काम करतात आणि तिथून साठेक किलोमीटर रानातून जातात. या बेटाचे जुने नाव नोहपेतेन, म्हणजे मोठे बेट. आणि वाचकहो, पेतेन या माया शब्दाचा अर्थ जसा बेट तसाच प्रदेश, देश; आज त्या सबंध विभागालाच पेतेन म्हणतात. आपल्या संकल्पातला जंबुद्वीप आठवा. नदीतल्या वाळूच्या उंचवट्यालाही द्वीप आणि सबंध खंडालाही द्वीप म्हणणारे आपले पूर्वज, आणि सरोवरातल्या टेकडीला आणि अवघ्या देशाला एकच शब्द देणारे ते इत्झा नावाचे माया लोक, यांची कधी भेट झाली नाही; पण पाण्याकाठी उभे राहून दोघांनी पाहिले ते एकच.

तिकलचा उच्चार झाला म्हणून सांगतो. दगडी पायऱ्यांची जी मंदिरे तिथे रानाच्या छताबाहेर डोके काढून उभी आहेत, त्यांतले सर्वात उंच सुमारे ६५ मीटरचे आहे, आठव्या शतकातले. एवढ्या मोठ्या नगराला नदी नव्हती. पावसाचे पाणी उतारांवरून वळवून हौदांत आणि तलावांत साठवायचे आणि कोरडे महिने त्यावर काढायचे, ही त्यांची रीत. आमच्या मराठवाड्यातल्या कुठल्याही बारवेच्या पायऱ्यांवर बसलेल्या माणसाला हे वेगळे समजावून द्यावे लागणार नाही. तिकल या नावाचाही अर्थ पाणवठ्यापाशी असा सांगतात. पाणवठ्यापाशी म्हणजे समीप! बेटाचे नाव द्वीप आणि नगराचे नाव समीप, अशी आपल्या सूत्रातली दोन्ही भावंडे मला त्या दूरच्या रानात शेजारी शेजारी भेटली.

तिकलच्या कालस्तंभांवरची शेवटची तिथी इसवी सन ८६९ ची. पुढे नगर निर्मनुष्य झाले, रान परत आले. नोहपेतेन मात्र पुष्कळ पुढपर्यंत नांदते राहिले. १५२५ साली स्पॅनिश सेनानी कोर्तेस तिथून गेला तेव्हा त्याने आपला एक पायाने अधू झालेला घोडा इत्झांच्या हवाली केला. घोडा हे जनावर त्यांनी कधी पाळलेले नव्हते. ठेव म्हणून आलेला तो जीव पुढे मेला, तेव्हा त्यांनी त्याची मूर्ती केली, तिला चाक नावाच्या वीज-पावसाच्या देवाचे नाव जोडले, आणि ते तिची पूजा करू लागले. १६१८ साली दोन धर्मोपदेशक तिथे आले. त्यांतल्या एकाने ती मूर्ती फोडली. शिवालयात पाऊल टाकण्याआधी नंदीच्या पाठीवर हात ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही हकीकत वाचताना कसे वाटते, ते मी शब्दांत आणू शकत नाही. परक्याने सोडून दिलेल्या अधू जनावराला त्यांनी आपल्या बेटावर समीप घेतले होते. शेवटी १३ मार्च १६९७ रोजी स्पॅनिश सैन्याने सरोवरातून चाल करून नोहपेतेन जिंकले, देवळे पाडली. तरी त्या सरोवराच्या पाण्याला वरून वाहून जायला वाट नाही; पावसाची वर्षे आली की पाणी चढते आणि फ्लोरेसच्या काठच्या गल्ल्यांत शिरते, आणि बेटाला आपल्या नावाची आठवण देऊन जाते.

आता पुन्हा आपल्या मातीकडे. हिंगोली जिल्ह्यातच कयाधूकाठी नर्सी आहे, नामदेवांचे गाव. नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे आले ती कथा आपल्याला पाठ आहे, आणि दुसरीही: देवळासमोर कीर्तन रंगले असताना त्यांना मागच्या बाजूला जायला लावले, ते निमूट मागे जाऊन उभे राहिले, आणि देऊळच फिरून त्यांच्यासमोर आले. आजही औंढ्याला नंदी देवळाच्या पाठीमागे आहे. वेगळे काढलेले, दूर ठेवलेले, एका अर्थी बेट केलेले ते भक्त. आणि समीप व्हायला यावे लागले ते देवाला. हेच नामदेव उतारवयात पंजाबात गेले आणि घुमानला राहिले, जिथे २०१५ साली मराठी साहित्य संमेलनही भरले. बियास आणि रावी यांच्यामधल्या त्या प्रदेशाला दोआब म्हणतात. दो म्हणजे दोन आणि आब म्हणजे पाणी. फारसीतला आब आणि संस्कृतातला अप् हे मुळात सगे, तेव्हा दोआब म्हणजे अक्षरशः द्वीप. कयाधूकाठचा माणूस जाऊन राहिला तो द्वीपात, आणि तिथून त्यांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात गेली. दोन तीरांचा माणूस म्हणतात तो याहून वेगळा कसा असेल?

औंढ्याचे देऊळ पाहणाऱ्याला बाहेरून दोन काळ दिसतात: खाली यादवकालीन काळा दगड, थरावर थर, मूर्तींनी भरलेला, वर नंतरच्या जीर्णोद्धाराचे पांढरे शिखर, जे अहल्याबाई होळकरांच्या नावाने सांगितले जाते. पण नागनाथ यांपैकी कशातच बसलेला नाही. तो खाली आहे. मंडपातल्या चौकोनी तोंडातून अरुंद पायऱ्या उतरून, मान लववून, अंग चोरून त्या लहानशा भुयारी गाभाऱ्यात जावे लागते. वर दगडाचा डोंगर, भोवती प्राकार, त्यापलीकडे वन, आणि या सगळ्याच्या मधोमध, खोल, पिंडीभोवती दोहोंकडे अभिषेकाचे पाणी.

श्रावणी सोमवारी तिथे उभे राहायलाही जागा नसते. गेल्या श्रावणात मी उतरलो तेव्हा माझ्यापुढे एक म्हातारी होती, तिला शेवटची पायरी दिसेना. खालून कुणीतरी म्हणाले, आजी, हात द्या. वरून कुणीतरी तिचा खांदा धरला. कोण कुठल्या गावचे, कुणी विचारले नाही. ती उतरली, पिंडीवर बेल वाहिला, ओला हात डोळ्यांना लावला, आणि परत चढताना मागे वळून म्हणाली, माझ्या मागच्याला धरा रे कुणी.